रिंगखालची जागा

११ जानेवारी, रविवार

ह्यांच्या बस डेपोतून दर नव्या वर्षाला एक डायरी मिळायची. हे जाऊन दोन वर्षं होत आली, तरी यंदाही ती पोस्टानं घरी आली. नाव खोडायचं कुणाच्या तरी डोक्यातून गेलं असेल. मी काही कळवायला जाणार नाही. वर्षातून एकदा का होईना, ह्यांच्या नावानं दारात काहीतरी येतं. कोरी ठेवणं जिवावर आलं, म्हणून लिहायला बसले.

आज लेकीचा हात छान बसला होता. हे तिला शिडी म्हणायचे, कारण शाळेत असतानाच ती ह्यांच्या खांद्याच्या वर गेली. मीही तेच म्हणते. वसाहतीमागच्या बास्केटबॉलच्या मैदानावर उजाडताना आम्ही दोघीच असतो. ती शॉट मारते, मी रिंगखाली उभी. बॉल जाळीतून पडो नाहीतर बोर्डावर आपटून उडो, तो धरायचा, छातीशी आणायचा, "घे" म्हणायचं आणि दोन्ही हातांनी सरळ तिच्या छातीवर द्यायचा. हे असाच द्यायचे. सकाळची पाळी नसली की हे खाली रिंगपाशी असायचे आणि मी वर गॅलरीलगतच्या स्वयंपाकघरात डबे भरता भरता त्यांचं "घे... घे..." ऐकायची.

हे गेल्यावर ती मैदानाकडे फिरकलीच नाही. शेवटी एका सकाळी मीच बॉल काखेत मारला आणि म्हटलं, चल. सुरुवातीला तो माझ्या नाकावर यायचा. आता डोळे मिटूनही धरीन.

माझी शाळा लवकर सुटली. धड वाचायला शिकले ती लग्नानंतर, ह्यांनी आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर बोट ठेवून ठेवून. वाचनालयातलं बास्केटबॉलचं पुस्तक मी पुन्हा पुन्हा आणते. ग्रंथपाल म्हणतात, "परीक्षेला बसणार आहात की काय?" त्यात लिहिलंय, कोपर आत, मनगट सैल, आणि रोज तेच, तसंच. हे शेवटचं मला फार पटतं. माझा संसार त्यावरच चाललाय.

१७ जानेवारी, शनिवार

आज कॉलेजचा सामना झाला. काय लिहू?

शिडी कोपऱ्यात मोकळी उभी होती. समोर कुणी नाही. बॉल हातात आला. ती जागा म्हणजे तिची रोजची, तिथून ती सहसा चुकत नाही. आणि ती बॉल घेऊन तशीच उभी राहिली. फार वेळ नाही, पापणी लवेल एवढाच. तेवढ्यात समोरची पोरगी धावत आली आणि बॉल काढून घेऊन गेली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा कोच बाईंनी तिला बाहेर बोलावून बाकावर बसवलं. मागं कुणीतरी हसत म्हणालं, "पुतळा बसवलाय मैदानात." मी वळून बघितलं नाही. तिची आई मीच, हे त्यांना कळायला नको होतं. हे लिहिताना मलाच बरं वाटत नाही.

घरी आल्यावर विचारलं, "घाबरलीस का गं?"

"नाही."

"मग काय झालं?"

"टाकायचाय हे कळलंच नाही."

"कळलं नाही म्हणजे? बॉल हातात आला म्हणजे टाकायचाच ना?"

"तेच तर मलाही कळत नाही ना, आई!" म्हणाली आणि न जेवता आत गेली.

भीतीच असणार. भीतीवर एकच इलाज, सराव. उद्यापासून आणखी लवकर उठायचं.

२१ जानेवारी, बुधवार

कोच बाईंनी बोलावून घेतलं. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं एकदम सरळ.

"सरावात हिच्यासारखी मुलगी माझ्याकडे नाही, आणि खेळात हिच्यासारखा खांब नाही," त्या म्हणाल्या. "किती वेळ सराव करता सकाळी?"

मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"निम्मा करा. संध्याकाळी तिला बाजारामागच्या मैदानावर पाठवा. तिथं रोज बायका-मुली खेळतात. कुणी नोकरी करणाऱ्या, कुणी शाळेतल्या. येईल त्याची टीम, पडेल तो डाव. मार्चमध्ये क्रीडाशाळेची निवड आहे. तिथं नुसते शॉट बघत नाहीत, सामना खेळवतात. निवड झाली तर पुढचं शिक्षण, राहणं, खाणं, सगळं त्यांचं. अशी संधी पुन्हा येणार नाही."

"राहणं म्हणजे? तिथंच?"

"वसतिगृहात."

"सुट्टीला पाठवतात ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "अहो, आधी निवड तर होऊ द्या."

मी सांगितलं, संध्याकाळी तिचा अभ्यास असतो. तिथल्या बायका धक्काबुक्की करतात, गुडघा मोडला तर कोण बघणार? पुस्तकातही लिहिलंय की हात पक्का बसल्याशिवाय खेळाची घाई करू नये. (असं लिहिलंय असं मला वाटत होतं. घरी येऊन शोधलं, सापडलं नाही.) शिवाय मी कामावरून येते तेव्हा घरात दिवा लागलेला असतो. हे मात्र काही कारण नव्हे, इथं उगाच लिहिलं.

शेवटी हो म्हणून आले. पण सकाळचं निम्मं करणार नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात माझी जोडीदारीण म्हणजे मोठी. सगळ्यांत जुनी म्हणून मोठी, आणि अंगानंही आहेच. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. झटका, दुमड, पुढे या, टोकाला टोक. इतकी वर्षं आम्ही जगातलं सगळं बोलत आलो, पण चादरीबद्दल एक शब्द बोलावा लागत नाही. आजपासून ती रजेवर. लेकीचं बाळंतपण. तिच्या जागी माझ्याच वयाची एक बाई आली आहे, कारखाना बंद पडला म्हणून इथं आलेली. घड्या अजून वाकड्या पडतात. शिकेल.

काल जाताना मोठी म्हणाली, "पोरगी संध्याकाळी खेळायला जाते म्हणे. तू काय करतेस मग घरी?"

"वाचते."

"भिंती वाचतेस, मला माहीत आहे."

तिला काय सांगायचं? आज भात थोडा शिजवला, तरी उरला. शिडी उशिरा आली, गुडघा खरचटलेला, आणि हसत होती. तिथं एक दातांच्या दवाखान्यात काम करणारी बाई आहे, तिला सगळे भिंत म्हणतात. "धडकलीस की तूच पडतेस, आई! मला म्हणाली, उंची काय दिवे बदलायला दिलीय का तुला?" खूप दिवसांनी तिला असं मोठ्यानं हसताना ऐकलं. मीही हसले. तिला ताट वाढून दिलं आणि उगाच विचारलं, उद्या सकाळी उठशील ना?

३ फेब्रुवारी, मंगळवार

मी म्हणत होते तेच झालं. सकाळचे शॉट बिघडले. बॉल कधी रिंगच्या अलीकडे, कधी पलीकडे. हात दुखतोय म्हणते. एकीकडे मी शिस्तीनं हात बसवायचा, दुसरीकडे संध्याकाळी त्या बायकांनी तो उसवायचा, हे कसं चालेल?

"तिथं पास कसा देतात?" मी विचारलं.

"देत नाहीत गं, फेकतात. पायाशी, डोक्यावरून, कसाही. मी पकडेपर्यंत ओरडतात, टाक, टाक!"

"मग टाकतेस?"

"त्या ओरडल्या की टाकते. तोवर उशीर झालेला असतो."

मी म्हटलं, निवड होईपर्यंत संध्याकाळ बंद. आधी हात सुधारू. वाद घालेल असं वाटलं होतं. "बरं," एवढंच म्हणाली आणि बूट पलंगाखाली सारले.

संध्याकाळी दोघी घरात होतो. दिवा होता, भात बरोबर पुरला. ती पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटल्याचा आवाज आला नाही. मी माझं वाचत होते. मीही कुठं उलटलं?

११ फेब्रुवारी, बुधवार

मोठी परत आली. नात झाली. पेढे मागितले तर म्हणाली, "गोड नंतर, आधी कामाचं बघू दे." माझ्या जागी ती नव्या बाईबरोबर चादर धरायला उभी राहिली. म्हणाली, बघू तुझी शिष्या.

नवी बाई टोकं धरून उभी. मोठीनं झटका दिला, ती पुढं आलीच नाही. हात पुढे करून तशीच उभी, माझ्याकडे बघत.

"अगं ये की," मोठी म्हणाली.

"ह्या 'घे' म्हणतात," नवी बाई म्हणाली. "मग मी येते."

मोठी आधी हसली. मग माझ्याकडे वळली. "काय गं, काय लावलंस हे? प्रत्येक चादरीला घे म्हणतेस? आणि ही बिचारी त्याची वाट बघत खांबासारखी उभी! मला कधी म्हणालीस ते?"

"लक्षात नाही आलं. सकाळची सवय."

"सकाळी कुणाच्या चादरींच्या घड्या घालतेस?"

मी पुढची चादर ओढली. इस्त्रीच्या रोलरची गरम वाफ चेहऱ्यावर येत होती. पुढच्या सगळ्या चादरी कशा झाल्या मला आठवत नाही. त्या बाईचे पुढे केलेले हात तेवढे डोळ्यांसमोर होते. तसेच वाट बघणारे हात मी सामन्याच्या दिवशी कोपऱ्यात बघितले होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तिला काही सांगितलं नाही. शॉट मारू दिला. बॉल धरला, छातीशी आणला, आणि न बोलता दिला.

तिनं हात वर केले होते. बॉल तिच्या हातांत गेला आणि ती तो धरून उभी राहिली. मी तरीही 'घे' म्हटलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई, घे म्हणाली नाहीस."

"नाही म्हटलं."

"का?"

"मैदानावर कोण म्हणतं?"

तिला समजायला वेळ लागला नाही. माझ्यापेक्षा ती हुशार. बॉल घेऊन तिथंच खाली बसली. मीही जाऊन शेजारी बसले. जमीन गार होती. मला वाटलं ती चिडेल, इतके महिने मीच तिला बांधून ठेवलं म्हणून. ती म्हणाली, "बाबाच म्हणायचे ना पहिल्यांदा."

"हो. मी त्यांचंच उचललं."

मग मला राहवलं नाही. विचारू नये ते विचारलं. "मी म्हणते तेव्हा तुला कुणाचा आवाज ऐकू येतो?"

ती बॉलच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. "आधी बाबांचा यायचा. आता तुझाच येतो. त्यांचा कसा होता ते मला नीट आठवत नाही, आई."

मी म्हटलं, असू दे. आवाज असाच जातो. तिच्या पाठीवरून हात फिरवला, ती आता बसली तरी माझ्याहून उंच. मला तर तो रोज ऐकू येत होता. मी म्हणत होते म्हणून येत होता की काय, कोण जाणे.

मग उठलो. मी तिला बॉल पायाशी दिला, डोक्यावरून दिला, टप्पा घालून दिला, एकदा तर तिची पाठ असताना दिला. "आई!" म्हणून ओरडली. एकही शब्द बोलले नाही मी. ओठ चावून चावून आतून सोलवटले. शॉट बहुतेक चुकले. पण ती थांबली नाही.

संध्याकाळी पलंगाखालचे बूट मीच काढून दारात ठेवले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आता सकाळी थोडाच वेळ. तोही ती पुष्कळदा एकटीच काढते, भिंतीवर बॉल मारून स्वतःच धरते. म्हणाली, आई, तू झोप जरा. झोप कुठली! गॅलरीत उभी राहते. खालून नुसता टप्प्यांचा आवाज येतो.

संध्याकाळी वाचनालयात जाते. बास्केटबॉलचं पुस्तक परत केलं. ग्रंथपाल म्हणाले, "पास झालात?" मी म्हटलं, निकाल लागायचाय. त्यांनी एक प्रवासवर्णन दिलंय. माणूस चांगला लिहितो, पण त्याला सगळीकडे कुणी ना कुणी भेटतं.

१ मार्च, रविवार

निवड झाली, म्हणजे निवडीचा सामना झाला. कुठून कुठून मुली आल्या होत्या. सगळ्याच शिड्या. इतक्या उंच पोरींत माझी ओळखायलाच वेळ लागला.

पायऱ्यांवर कोच बाई माझ्या पुढं बसल्या होत्या. बाजूला भिंत, तिनं खास रजा काढली होती. रुंद, गंभीर चेहऱ्याची, खिशात गोळ्यांची पुडी. "काकू, घ्या," म्हणाली. मी गोळी तोंडात टाकली आणि वर रुमालाचा बोळाही. गोळीसाठी नव्हे. शिडीकडे बॉल जाताना माझ्या तोंडून तो शब्द निघेल याची मला खात्री होती.

पहिला बॉल तिच्या गुडघ्याशी आला. कुणीतरी नुसता ढकलला होता. तिनं वाकून उचलला आणि त्याच हालचालीत टाकला. थांबली नाही! गेला नाही, रिंगवर नाचून बाहेर पडला. मला कधी चुकलेल्या शॉटचा एवढा आनंद झाला नव्हता. भिंत म्हणाली, "काकू, रुमाल काढा, गुदमराल." नंतर तिचे गेलेही, काही नाही गेले. एकीशी टक्कर होऊन पडली, उठली, धावली. कुणालातरी हाताने खूण करत होती, ओरडत होती. घरात चार शब्द न बोलणारी.

एकदा मात्र मला तिचं काही कळलं नाही. तिच्या त्या कोपऱ्यात मोकळी होती, बॉल हातात होता, आणि तिनं टाकायचा सोडून दुसऱ्या एका मुलीला दिला. हातचा शॉट घालवला. मला हळहळ वाटली. कोच बाई मात्र उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या.

९ मार्च, सोमवार

नाव आलं. शेवटचं, पण आलं.

तिनं मला स्वयंपाकघरात कमरेला धरून उचललं. पाय अधांतरी. मी म्हटलं, खाली ठेव, दूध उतू जातंय. उतू गेलंच. ओटा पुसताना मी म्हटलं, "तिथल्या चादरी कशा असतील कोण जाणे. आपल्या दोन ने."

"नेते."

"आणि चारही टोकं जुळवून त्यांच्या घड्या घाल. गोळा करून ठेवू नकोस."

"बरं."

"आणि..." मी फडकं पिळत राहिले. ती म्हणाली, "आई, तू संध्याकाळी बाजारामागं जात जा. भिंतीनं विचारलंय." मी म्हटलं, मी काय करू तिथं? वाचायचं पडलंय कितीतरी.

१४ जून, रविवार

शिडी जाऊन आठवडा झाला. फोन येतो. खूप बोलते, घाईघाईनं बोलते, मागं मुलींचा गोंधळ असतो. ठेवताना म्हणते, जेवलीस ना? मी हो म्हणते. खरंच जेवते.

मोठीनं काल कामावर एकदाही टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

आज सकाळी सवयीनं जाग आली. कुशीवर वळून पडून बघितलं, जमेना. जुना बॉल ती ठेवून गेली आहे, नवा तिथं मिळाला. तो काखेत मारला आणि खाली गेले. मैदानावर कुणी नव्हतं. पाय आपोआप रिंगखाली जाऊन उभे राहिले. समोर कोण? पुढची सगळी जागा रिकामी. तिथं उभं राहून एकदा हळूच "घे" म्हणून बघितलं. आवाज माझाच होता.

मग मी रिंगखालून बाहेर आले. इतके महिने त्या मैदानावर जात होते, पण बॉल रिंगकडे कधी टाकला नव्हता. शिडीच्या जागेवर जाऊन उभी राहिले. तिथून रिंग केवढी लांब दिसते! पोरीला मी काय काय बोलले असेन. कोपर आत, मनगट सैल, सगळं पाठ होतं. टाकला. रिंगच्या अर्ध्या वाटेवरही पोचला नाही. घरंगळत पार कुंपणाशी गेला, आणि मी त्याची वाट बघत उभी राहिले. मग लक्षात आलं, कुणी आणून देणार नाही. गेले, आणला. पुन्हा टाकला, पुन्हा गेले.

एकदा तो फाटकापर्यंत गेला. बाहेरून भिंत चालली होती, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात, हातात डबा. रविवारीही जावं लागतं तिला. तिनं पायानं बॉल अडवला, डबा खाली ठेवला, आणि काही न बोलता जोरात माझ्याकडे फेकला. तळव्यांना झिणझिण्या आल्या, पण धरला.

"काकू," फाटकातून ओरडली, "गुडघे वाकवा! हातांत जोर नाही, पायांत आहे!"

पुस्तकात हे होतं. मी ते पान नेहमी शिडीसाठी वाचत होते.

ती डबा उचलून गेली. गुडघे वाकवले, कडकड आवाज झाला. टाकला. रिंगच्या कडेला लागला, आत नाही गेला.

आणायला गेले.